सातापर्यंतचे आकडे

"आणि आकडे कुठायत?" दुगाणे सरांनी माझी वही माझ्याच अंगावर टाकली. "व्याकरण आहे, शिव्या आहेत, प्रेमाचे चार शब्दपण आहेत. पण ह्या लोकांना मोजता येत नाही का रे? यान चालवतात ना ते?"

मी ओशाळलो. तासगावच्या शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात आमच्या तालमी चालायच्या. समोर बाकांवर नाटकातले सात परग्रहवासी वडापाव खात बसले होते, आणि त्यांच्यादेखत ही खरडपट्टी. १९९१ साल होतं. मी सव्वीस वर्षांचा, भाषाशास्त्रात एम. ए., आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे नोकरी आहे असं घरात सांगण्यापुरता. दुगाणे सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दरवर्षी राज्य नाट्यस्पर्धेत पडायचे. त्या वर्षी त्यांनी परग्रहावरचं नाटक घेतलं होतं. यानातली हवा संपत चालली आहे, कप्तान एकेकाला हाक मारतो, ज्याला हाक मारली तो कोसळतो, आणि शेवटी कप्तान एकटा उरतो. परग्रहवासी मराठीत कसे बोलतील, म्हणून भाषा नवी हवी, आणि ती रचायला मी. बिनपगारी, अर्थात.

सरांचा भाचा अमेरिकेत होता. त्यानं तिकडच्या टीव्हीवरल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासी लोकांच्या भाषेची काही पानं झेरॉक्स करून पाठवली होती. एका भाषातज्ज्ञानं बसून रचलेली भाषा. सर ती पानं नाचवत म्हणाले, "हे बघ. ह्यांनी नुसते आकडे नाही केले, आकड्यांचा इतिहास केलाय! हे लोक आधी तीन-तीनच्या हिशेबानं मोजायचे, मग दहाच्या हिशेबावर आले. ह्याला म्हणतात काम. मला असं पाहिजे. आणि आपल्या लोकांना नावं नकोत. पहिला, दुसरा, तिसरा, आकडा हेच नाव. ह्या प्रवेशाची तालीम परवापासून."

सायकल हाणत घरी आलो तेव्हा डोकं पार रिकामं होतं. आमचं घर म्हणजे पुढे बांगड्यांचं दुकान आणि मागे दोन खोल्या. आम्ही कासार. वडील जत्रांतून माल घेऊन फिरायचे, दुकान आईचं. सुंदरा कासारीण म्हटलं की अख्ख्या पेठेला ठाऊक. त्या दिवशी तिच्यापुढे एक पोटुशी बाई बसली होती, डोहाळेजेवणासाठी हिरवा चुडा भरायला आलेली. आईनं तिचा हात आपल्या मुठीत घेऊन अंगठ्याखालचं हाड हलकेच दाबलं आणि एकेक बांगडी चढवायला लागली.

"ऊंव, लुस, किर, गुब, तामी, चुई, हं, आठ, नऊ, दहा..."

"काय म्हणता ओ मावशी तुम्ही?" बाईनं हसून विचारलं.

"धंद्यातलं हाय, बाई. हात ढिला सोड."

मी उंबऱ्यातच थांबलो. जन्मापासून ऐकत आलेलं ते मोजणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं म्हणायला हरकत नाही. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं होतं, वर "कुणाला सांगायचं न्हाई" अशी तंबी. मला त्यात नवल वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जिथे शब्दांची एवढी अदलाबदल चालते, तिथे आकडेही वेगळे असणार, असं मी गृहीत धरलं होतं. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून व्यापाऱ्यांचे गुप्त आकडे असतात, हे तर मी एम. ए.ला शिकलो होतो. घरच्या गोष्टीला पुस्तकातला आधार सापडला की शिकलेला माणूस पुढे विचार करत नाही, तसं माझं झालं.

बांगड्या गुंडाळायचा कागद उचलला आणि सातही शब्द उतरवून घेतले. आईला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे मी जो काही उधळलो! म्हटलं, "आपल्या लोकांना दोन हातांची मिळून बोटंच सात. म्हणून त्यांचे मूळ आकडे सात. पुढचे आकडे त्यांनी दुसऱ्या ग्रहाकडून उसने घेतले, तेव्हा ते ऐकायलाही वेगळे लागतात. शिवाय बघा, सातवा आकडा नुसता श्वास आहे. हं. त्यांच्याकडे सात म्हणजे शेवट."

सर खुर्चीतून उठले. त्यांनी मला मिठी मारली. वडापाववाल्या परग्रहवाशांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"कुठून सुचलं रे तुला?"

"सुचलं," मी म्हणालो.

एवढं साधं खोटं. धंद्यातलं आहे, आईचं आहे, असं म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण मिठी मला हवी होती. पत्रिकेवर 'भाषानिर्मिती : श्रीरंग वेळापुरे' असं छापून आलं तेव्हा मी ती पत्रिका आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली.

आईनं नाटकाला यावं म्हणून मी महिनाभर तिच्या मागे लागलो होतो. तिनं माझं काही म्हणून पाहिलेलं नव्हतं. पदवीदान नाही, वक्तृत्वाची ढाल नाही. "दुकान कोण बघंल?" हे तिचं ठरलेलं उत्तर. कौतुक करायची तर तिला जन्मात सवय नव्हती. कुणी माझी स्तुती केली की ती विषय बदलायची, नाहीतर उठून माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायची. पण मला तिनं बघायला हवं होतं. तिच्या मुलाला काहीतरी येतं, एवढं तिनं एकदा डोळ्यांनी बघावं, बाकी बक्षीसबिक्षीस मिळो न मिळो. शेवटी रासनेमामा मदतीला आले. हे आईचे चुलतभाऊ, मिरजेचे, बांगड्यांचे घाऊक व्यापारी. ते म्हणाले, "आक्का, पोराचं नाव छापून आलंय. मी येतो न्यायला." तेव्हा कुठे ती तयार झाली.

सांगलीच्या केंद्रावर आम्हाला सकाळी साडेअकराचा प्रयोग मिळाला होता. सकाळच्या प्रयोगाला कोण येणार? परीक्षक, नटांचे नातेवाईक आणि बाहेर ऊन लागतं म्हणून आत आलेले चारदोन जण. आई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती. इरकली लुगडं, हातभर चुडा, मांडीवर पिशवी. शेजारी मामा. मी विंगेत उभा राहून नाटकाऐवजी तिलाच बघत होतो.

पहिला अंक तिनं शांतपणे पाहिला. भाषेतलं अक्षरही कळत नसणार, पण एकदोनदा ती हसली. माझा जीव सुपाएवढा झाला. मग दुसऱ्या अंकातला तो प्रवेश आला. सात जण ओळीनं बसलेले, कप्तान झालेले दुगाणे सर मधे उभे. दिवे मंद झाले. सरांचा आवाज मोठा खणखणीत होता.

"ऊंव!"

पहिला पोरगा उठला, दोन पावलं पुढे आला आणि कोसळला.

आई खुर्चीत ताठ झाली. मला वाटलं, ओळखले आपले आकडे! आता गालात हसणार.

"लुस!"

दुसरा उठला, कोसळला. आईनं खुर्चीचा दांडा धरला.

"किर!... गुब!..."

आई उभी राहिली. मामांनी तिचा पदर ओढून तिला बसवायला पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. तिचे ओठ हलत होते. पाचव्या हाकेला तिनं हात पुढे केला. रस्त्यात पोर ठेचकाळलं की आपला हात आपसूक पुढे जातो ना, तसा. मागून कुणीतरी "ओ बाई, बसा की खाली" म्हणालं.

"चुई!"

सहावा कोसळला आणि आई वळली. खुर्च्यांना धडकत, पिशवी छातीशी धरून ती दाराकडे निघाली. दार उघडलं, उन्हाची एक पट्टी आत आली आणि मिटली. सातवी हाक ऐकायला ती थांबली नाही.

नाटक संपलं. टाळ्या पडल्या. सांगून टाकतो, आमचा नंबर लागला नाही. 'भाषेचा प्रयत्न स्तुत्य' एवढा शेरा मिळाला. पुढच्या वर्षी सरांची बदली झाली, पोरं पांगली. त्या नाटकाचा तो पहिला आणि शेवटचा प्रयोग.

मामा घाम पुसत विंगेत आले.

"रंगा, आक्काला काय झालं रं? मी मागनं जाईपर्यंत रिक्षात बसून गेली बी. स्टँडवर गेली असंल."

"मी धंद्यातले आकडे वापरले म्हणून रागावली असेल," मी म्हणालो. "कुणाला सांगू नको म्हणाली होती."

"धंद्यातलं? कुठलं आकडं?"

"तेच की. ऊंव, लुस, किर. आपल्या कासारांचे."

मामांनी घाम पुसायचं थांबवलं. "खुळा का काय तू? पन्नास वर्षं बांगड्या विकतोय मी. माझा बाप, आजा, सगळी ह्याच धंद्यात. आपल्यात असलं आकडं न्हाईत."

"मग आई कशी म्हणते?"

"मला काय ठावं? मी तर आजच ऐकलं. मला वाटलं तूच केलंस. पत्रिकेवर तसंच छापलंय न्हवं?"

एसटीत बसलो तरी डोक्यात तेच. धंद्यातले नाहीत, तर कुठले? मंत्रतंत्र, करणी, काय काय मनात येऊन गेलं. चाळीस वर्षं आपली आई गावातल्या बायकांच्या हातांवर काय मोजत होती? आणि मी स्टेजवरून काय ओरडायला लावलं?

तीन वाजता घरी पोचलो. दुकानाच्या फळ्या लावलेल्या. भरदिवसा, बाजाराच्या दिवशी. मी मागच्या दारानं गेलो. आई बांगड्यांच्या पेट्यांमधे जमिनीवर बसली होती. लुगडंसुद्धा बदललं नव्हतं.

"कुणाकुणाला सांगितलंस?" तिनं वर न बघता विचारलं.

"काय?"

"त्येंची नावं."

"आकडे म्हणतेस का? आई, मला वाटलं..."

"नावं, रंगा."

दारातून येणाऱ्या उन्हात बांगड्या चमकत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"कुणाची?"

तिनं शेजारची पेटी बाजूला सारली. मग सुरू केलं ते गिऱ्हाइकाला दर सांगावा अशा आवाजात. ते मला जास्त लागलं.

"पयला नऊ दिस जगला. रडायचा कसा, ऊंव, ऊंव, असा. दुसरी लई लुसलुशीत. हातात धरायची भीती वाटायची. तिचं चारच दिस. तिसऱ्याचा आवाजच न्हवता, नुसती किरकिर. चौथा गुबगुबीत. सगळी म्हनली, ह्यो वाचणार. अकराव्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी बारसं व्हतं."

"आई..."

"बोलू दे. पाचवी तांब्यावानी लाल. सहावी चिमणीच्या पिलागत चुई करून नुसतं तोंड उघडायची, तिला दूधबी ओढता येत न्हवतं. आणि सातवा," ती थांबली, "सातव्यानं एकदाच श्वास घेतला. तेवढाच ऐकला मी."

मी खाली बसलो. सव्वीस वर्षं मी त्या घरात राहिलो होतो. आपण एकुलते एक, हे किती वेळा ऐकलं, किती अर्जांवर लिहिलं. घरात सात पोरं जन्मली आणि गेली, आणि मला एका शब्दानं ठाऊक नव्हतं.

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? तुझी आज्जी म्हनली, बारशाआधी गेलेल्याला नाव नसतंय. त्येच्यासाठी रडायचं न्हाई, त्येचं नाव काढायचं न्हाई, कुणी इचारलं पोरं किती तर त्येला मोजायचं न्हाई. पुढचं जगायचं असंल तर मागचं इसरायचं. दर येळी दुसऱ्याच दिवशी मला दुकानात बसवायची. पुढ्यात कुणी ना कुणी हात देऊन बसलेलं. दिवसभर मोजायचंच काम. मोजू नको म्हनली ना? मग मी त्येंनाच मोजायला घेतलं. पयल्या बांगडीला पयला, दुसरीला दुसरी. सासूच्या म्होरं, नवऱ्याच्या म्होरं, भर बाजारात. कुणाच्या बापाला कळलं न्हाई."

तिच्या आवाजात तेव्हा जी धार होती, ती मी आधी कधी ऐकली नव्हती, पुढेही ऐकली नाही. आणि मग, अगदी मठ्ठासारखा, मी विचारलं, "मग आठ? आठ साधं आठच का?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आठव्याचं बारसं झालं की. श्रीरंग नाव ठेवलं. तुला आनि कशाला लपवायचं?"

दोन हातांना मिळून सात बोटं, पुढचे आकडे दुसऱ्या ग्रहाकडून उसने. माझ्या त्या हुशारीनं माझ्याच कानफटात वाजवली. मी होतो म्हणून तो हिशेब सातावर थांबला होता. मी नसतो, तर तिला आठवा शब्दही रचावा लागला असता, आणि नववाही. तिनं माझ्याआधी कितीतरी वर्षं भाषा रचली होती. सात शब्दांची. मी ती चोरली, खाली स्वतःचं नाव छापलं, आणि तिला तिसऱ्या रांगेत बसवून एकेक शब्द तिच्यासमोर मारला. लाज वाटली हे फार थोडं झालं. मला तिथे बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं.

"गावात कळलं तर एक बाई माझ्याकडं हात भराया येणार न्हाई," आई म्हणाली. "पोटुशा लेकीबाळी येत्यात. मेलेल्या पोरांची नावं घेऊन चुडा भरती म्हनतील. बायकांना काय सांगू? मी तर माझ्या पोरांनाच सांगत असते, हिच्याकडं बघा रं बाबांनो, हिचं राखा."

"नाही कळणार. आई, शप्पथ, कुणाला नाही कळणार. सरांना वाटतंय मीच रचले. तसंच राहू देतो."

"मामा?"

"मामांनाही तेच वाटतंय. मी त्यांना सांगतो, तू तसं मोजतेस असा मलाच भास झाला होता."

तिनं मान हलवली. मी तिच्या पायांशी सरकलो. म्हटलं, मार मला, बोल काहीतरी, रागाव. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. ती कुठेतरी दुसरीकडेच होती.

"चाळीस वर्षांत माझ्याबिगर त्येंना कुणी हाक मारली न्हवती," ती म्हणाली. "मीबी कधी मोठ्यानं न्हाई मारली. आज येवढ्या मोठ्यानं हाक मारली त्या माणसानं, आणि उठला की रं त्यो! माझा ऊंव. येवढा उंच. मिसरूड फुटलेला. मग दुसरी. त्ये नाटक हाय, मला काय कळत न्हाई का? पर उठली ती. हाक मारली तशी उठली. आणि मग पडाया लागली. चार दिसांची असताना बघितलं व्हतं, आता थोरली झाल्यावर... मला बघवंना. हं-ला पडताना तरी मी बघणार न्हवते."

ती पदरानं तोंड पुसत राहिली. बाहेर कुणीतरी फळीवर थाप मारून "मावशी, हायसा का?" म्हणालं आणि वाट बघून निघून गेलं. मी तिचा हात धरला. त्या हातानं हजारो हात दाबले असतील, पण तो कुणी धरलेला मला आठवत नव्हता. आपण तिला कायमचं दुखावलं, असं मला वाटत होतं.

मग तिनं विचारलं, "पुढं काय झालं रं?"

"कशात?"

"नाटकात. ती पडली त्येच्या पुढं. तशीच ऱ्हायली व्हय?"

"नाही, आई. नाटक संपलं. पडदा पडला."

"मग?"

"मग पडदा परत उघडला. सगळे उठले."

"समदी?"

"सगळे. सातच्या सात. एकमेकांचे हात धरून पुढे आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाकून नमस्कार केला."

तिच्या हातातला माझा हात आता तीच दाबत होती.

"कुणाला केला?"

"समोर बसलेल्यांना."

"आणि मी उठून आले की रं," आई म्हणाली.